अकरा जुलैची साक्ष

जामखेडच्या स्टँडवर मुंबईची रात्रीची गाडी लागली आहे. पाऊस भुरभुरतोय. कंडक्टर पत्र्याच्या ट्रेमधून तिकिटं खुडतो, पंच मारतो, तुमच्या हातात देतो. ते रंगीत कागद पाहून तुम्ही चमकता. गाडीत कुणाच्याच हातात मोबाइल नाही. शेजारच्या माणसाच्या मांडीवर पेपर पसरलेला आहे. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होणार म्हणून देशभर तयारी चालली आहे. राष्ट्रपतिपदाची निवडणूक चार दिवसांवर आली आहे आणि के. आर. नारायणन येणार हे सगळे धरून चालले आहेत. एक दलित माणूस पहिल्यांदाच राष्ट्रपती भवनात जाणार. पेपरवरची तारीख तुम्ही दोनदा वाचता. १० जुलै १९९७, गुरुवार.

पायाशी पिशवी आहे. ज्वारी, हुलगे, आईनं कुटलेली शेंगदाण्याची चटणी. घाटकोपरला आत्याकडे पोचवायची.

गाडी आष्टी, कडा करत नगरकडे निघते. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जायला जामखेडच्या माणसाला बीड जिल्ह्यातून जावं लागतं, याची तुम्हाला लहानपणापासून सवय आहे. आत्या याच रस्त्यानं गेली, १९७२ च्या दुष्काळात. त्या वर्षी या पट्ट्यात विहिरींचे तळ उघडे पडले. माणसं खडी फोडायला गेली, सुकडीवर आणि मिलोवर दिवस काढले. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती ते सगळ्यांच्या आधी निघाले. गावकुसाबाहेरची घरंच्या घरं कुलूपसुद्धा न लावता उठली, कारण मागं ठेवण्यासारखं काही नव्हतं. मुंबईत जागा मिळेल तिथं बांबू रोवले, पत्रे टाकले, भिंती नंतर आल्या. आत्याच्या वस्तीचं नाव माता रमाबाई आंबेडकर नगर. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला अगदी लागून.

पुण्याच्या पुढे तुम्ही जागे होता. गाडी मावळातून चालली आहे, जुन्याच रस्त्यानं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अजून व्हायचा आहे. तो होईल, आणि त्यावर ९ ऑगस्ट २०११ ला पवना जलवाहिनीच्या विरोधात शेतकरी उतरतील. पोलीस गोळ्या चालवतील आणि तिघं मरतील, त्यांत एक बाई. नागपुरात जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चावर लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली. चौकशी आयोगाला जबाबदार असं कुणी सापडलं नाही. तुम्ही खिडकीला डोकं टेकता. घाटात धुकं आहे.

चेंबूरच्या मैत्री पार्कला उतरता तेव्हा नुकतं उजाडतंय. रस्ते ओले आहेत. रिक्षा हायवेनं उत्तरेकडे जाते आणि थोड्याच वेळात निळे झेंडे दिसू लागतात.

आत्या दारातच उभी आहे. ती तुमच्याकडे बघत नाही, रस्त्याकडे बघते आहे.

“ये बाळा. पिशवी आत ठेव,” ती म्हणते. “पुतळ्याला चपलांचा हार घातलाय कुणीतरी. रातच्याला.”

गल्लीतून माणसं बाहेर येताहेत. कुणाच्या हातात दुधाची पिशवी, कुणाच्या दातात अजून ब्रश. कामावर जायला निघालेले डबा हातात घेऊन थबकलेत. वस्तीच्या तोंडाशी बाबासाहेबांचा पुतळा आहे. या पुतळ्यासाठी घरटी वर्गणी निघालेली असते हे तुम्हाला सांगावं लागत नाही. तुमच्या गावातही तशीच निघाली होती. माणसं पुतळ्याकडे बघतात आणि मान खाली घालतात. म्हाताऱ्या बाया मोठ्यानं रडताहेत. चार जण जवळच्या चौकीत जाऊन आले. तिथून उत्तर मिळालं की पंतनगर पोलीस ठाण्यात जा.

सात वाजायला आले आहेत. पोरं हायवेवर उतरली. रास्ता रोको.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. इथल्या कुणालाच ते ठाऊक नाही. तुम्ही आत्याचा हात धरता, घरात चल म्हणता, आता एसआरपीची गाडी येईल म्हणता. ती हात सोडवून घेते.

“बाबासाहेबांच्या गळ्यात चपला घातल्यात, आन मी घरात बसू? गावाकडं पायतान हातात घेऊन वाड्यावरून जायची माझी आई. मी न्हाई बसायची घरात.”

त्यावर तुमच्याकडे बोलायला काही राहत नाही. मागं-पुढं जाणं तेवढं तुमच्या हातात आहे. थांबवता काहीच येत नाही.

साडेसातच्या सुमाराला राज्य राखीव पोलीस दलाची गाडी येते. जमावापासून बऱ्याच अंतरावर थांबते. जवान उतरतात. त्यांचं नेतृत्व फौजदार मनोहर कदम यांच्याकडे. पुढं वर्षानुवर्षं वस्तीतले लोक सांगत राहतील की इशारा दिला नाही, लाठी चालवली नाही, अश्रुधूर सोडला नाही, थेट बंदुका रोखल्या. त्या क्षणी तुम्हाला फक्त आवाज ऐकू येतो. पहिल्यांदा वाटतं, कुणीतरी फटाके लावले. मग शेजारचा माणूस बसतो. नुसता खाली बसतो, उकिडवा, आणि तसाच कलंडतो.

माणसं मागं पळतात. गल्ल्या अरुंद, दोन माणसं एकमेकांना घासल्याशिवाय जात नाहीत. गोळ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतात. रस्त्यावर न आलेली माणसंही लागून पडतात. काय गलका आहे एवढंच बघायला जी बाहेर डोकावली होती, तीही. तुम्ही एका मोरीच्या कठड्यामागं पडून आहात आणि तोंडात साबणाचं पाणी गेलं आहे. दहा-पंधरा मिनिटं हे चालतं. मोजायला फार थोडी, पण तुम्ही तिथं पडून असता तेव्हा ती संपत नाहीत.

दहा माणसं मेली. सव्वीस जण गंभीर जखमी झाले.

ज्यांना हातगाडी मिळाली त्यांनी हातगाडीवर, ज्यांना रिक्षा मिळाली त्यांनी रिक्षातून माणसं राजावाडी रुग्णालयात नेली. आत्याच्या पदरावर रक्त आहे. तिचं नव्हे, शेजारणीच्या पोराचं. दुपारी पुन्हा पोलीस येतात, आता अश्रुधूर आणि लाठ्या. ज्या घरात सकाळी माणूस गेला, त्या घरातल्या बाया डोळ्यांना ओला पदर लावून बसल्या आहेत.

संध्याकाळपर्यंत एक गोष्ट तयार झालेली असते. पोलीस सांगतात की हायवेवर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, पेटले असते तर अख्खं घाटकोपर उडालं असतं, म्हणून गोळीबार करावा लागला. ऐकणाऱ्याला ही गोष्ट पटते. टँकर, गॅस, हजारो जीव. ज्यांनी वस्ती कधी पाहिली नाही त्यांना तर लगेच पटते. सरकार युतीचं आहे, मुख्यमंत्री मनोहर जोशी, गृहखातं गोपीनाथ मुंडे यांच्याकडे. राज्यभर बंद आणि मोर्चे सुरू होतात.

चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडला शाहीर विलास घोगरे आपल्या झोपडीत गळफास घेतात. कामगारांसाठी, झोपडपट्टीवाल्यांसाठी आयुष्यभर गायलेला माणूस. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती. आदल्याच दिवशी राष्ट्रपतिपदासाठी मतदान झालेलं असतं. २५ जुलैला नारायणन शपथ घेतात. दोन्ही गोष्टी त्याच पंधरवड्यातल्या आहेत, आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

अशीच गोळी आणखी एका ठिकाणी चालली, ती बघायला आता पाच महिने मागं चला. ५ फेब्रुवारी १९९७, बुधवार.

तुम्ही जामखेडपासून हजारो किलोमीटर उत्तरेला, चीनच्या शिंजियांग प्रांतात, कझाकस्तानच्या सीमेजवळच्या गुल्जा शहरात उभे आहात. चिनी कागदपत्रांत या शहराचं नाव यीनिंग आहे. रमजान चालू आहे. पाण्याचं बर्फ होईल अशी थंडी. रस्त्यावरून तिथल्या उइगर समाजातली पोरं घोषणा देत चालली आहेत. त्यांची तक्रार समजून घ्यायला जामखेडच्या माणसाला वेळ लागत नाही. त्यांच्याकडे मेशरेप नावाची बैठक असते. आपल्याकडची तालीम आणि भजनी मंडळ एकत्र यावं तशी. गाणं, वाद्यं, वडीलधाऱ्यांचा दोन शब्दांचा उपदेश, चुकलेल्या पोराला सगळ्यांसमोर समज. दारू आणि गर्द यांत बुडालेल्या तरुणांना बाहेर काढायला गुल्जातल्या लोकांनी या बैठका पुन्हा सुरू केल्या, फुटबॉलचे संघ काढले. सरकारला एकत्र येणारी पोरं नको होती. बैठका बंद, फुटबॉल बंद, धरपकड सुरू. त्याविरुद्ध हा मोर्चा.

इथंही गोळ्या चालतात. त्या थंडीत पाण्याचे फवारे मारले जातात. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं पुढं पळून आलेल्यांच्या साक्षी गोळा केल्या. पकडलेल्या शेकडो लोकांना उघड्या मैदानात ठेवलं, अंगावर पाणी सोडलं, काहींचे हातपाय गारठून निकामी झाले, असं त्या साक्षी सांगतात. मेलेल्यांचा सरकारी आकडा मोजका आहे. परागंदा उइगर संघटना शंभरावर सांगतात. नंतर खटले झाले, फाशी झाल्या. २०१० मध्ये हाच मेशरेप युनेस्कोच्या वारसायादीत गेला. तातडीनं जपायला हवा अशा परंपरांच्या यादीत, आणि तोही चीनच्याच प्रस्तावावरून.

तुम्ही गुल्जाच्या त्या चौकात उभं राहून मेलेल्यांची नावं शोधता. भिंतीवर काही नाही. घरांत विचारता, तर लोक दार लावून घेतात. ते घाबरट नाहीत. तुमच्याशी बोललं तर उद्या कोण येईल हे त्यांना ठाऊक आहे. मेलेल्या पोराच्या आईला मोठ्यानं रडण्याचीही चोरी आहे.

एवढं बघून परत घाटकोपरला या, आणि मग वस्तीचं पुढचं वर्ष बघा.

चौकशी आयोग बसला. न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार. आत्या साक्षीला निघाली आहे. त्या दिवसाची मजुरी बुडणार, हे तिनं धरलेलंच आहे. लुगडं धुवून, घडी मोडून नेसली आहे. तुम्ही तिच्या शेजारी बाकावर बसता. तिच्यासारखी कितीतरी माणसं आहेत. कुणी भांडी घासायला जाणारी, कुणी नाका कामगार, कुणी पालिकेचा सफाई कामगार. वकील त्यांना उलटसुलट विचारतात. तुम्ही नेमके कुठं उभे होता? टँकर कुठं होता? किती फुटांवर? आत्याला फूट सांगता येत नाहीत.

“साहेब, फुटाचं म्या काय सांगू? आमच्या दारातनं त्यो खांब दिसतो. त्या खांबाच्या अलीकडं टँकर नव्हता. गोळी चालली तवा नव्हता.”

हेच वाक्य ती तीन वेळा सांगते, तिन्ही वेळा तसंच. बाहेर आल्यावर तिचे पाय लटपटतात. पुढाऱ्यांचे हार, दौरे, भाषणं सगळं बघून झाल्यावर मला ठामपणे वाटतं की अकरा जुलैच्या बाबतीत जे काही खरं ठरलं, ते अशा माणसांच्या उभं राहण्यानं ठरलं. आयोगानं गोळीबार अनावश्यक ठरवला, टँकर पेटवण्याची गोष्ट स्वीकारली नाही आणि कदम यांना दोषी धरलं. सत्तेनं सांगितलेली गोष्ट वस्तीनं खोडून काढली, आणि तीही सरकारनंच नेमलेल्या न्यायाधीशासमोर.

खटला मात्र रखडला. वर्षं गेली. पोरं मोठी झाली, साक्षीदार म्हातारे झाले. मे २००९ मध्ये शिवडीच्या जलदगती न्यायालयानं मनोहर कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. तुम्ही त्या दिवशी वस्तीत आहात. कुणी पेढे वाटत नाही. माणसं एकमेकांकडे बघून नुसती मान हलवतात. आणि लवकरच उच्च न्यायालय शिक्षा स्थगित करून जामीन देतं. बारा वर्षं चालून चपला झिजल्या आणि माणूस घरी गेला. याला मी न्याय म्हणणार नाही. पण दहा माणसांना विनाकारण मारलं, हे न्यायालयाच्या कागदावर आलं, ते कमी आहे असंही म्हणणार नाही.

त्याच २००९ च्या जुलैमध्ये, ५ तारखेला, शिंजियांगची राजधानी उरुम्ची पेटते. दक्षिण चीनमधल्या एका खेळण्यांच्या कारखान्यात उइगर कामगारांना मारलं होतं, त्याची चौकशी करा म्हणून लोक जमले होते. मोर्चा उधळला गेला आणि त्यानंतरच्या दंगलीत, सरकारच्या म्हणण्याप्रमाणे, १९७ जण मेले. त्यांत बरेच हान चिनी होते, हेही सांगायला हवं. त्या मेलेल्यांच्या आयाही आयाच होत्या. पण त्यानंतर उइगर मोहल्ल्यांतून जी पुरुष मंडळी उचलून नेली, त्यांतल्या कित्येकांचा ठावठिकाणा घरच्यांना मिळाला नाही. प्रांताचं इंटरनेट जवळपास दहा महिने बंद राहिलं. लोकगीतं, दर्गे, जत्रा यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या राहिले दावूत या प्राध्यापक बाई २०१७ च्या डिसेंबरात गायब झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचं २०२३ मध्ये बाहेर कळलं. आपल्या माणसांचं काय झालं हे सांगायला उइगरांना लंडन गाठावं लागलं. तिथं सर जेफ्री नाइस यांच्या अध्यक्षतेखाली लोकांनी भरवलेल्या न्यायाधिकरणासमोर साक्षी झाल्या आणि ९ डिसेंबर २०२१ ला निकाल वाचला गेला. त्या निकालाला कुठल्याही तुरुंगाचं दार उघडण्याची सत्ता नव्हती. तरी माणसं सांगायला गेली. मायदेशी राहिलेल्या भावंडांच्या जिवाचा धोका पत्करून गेली.

तेव्हा घाटकोपर आणि गुल्जा एकच, असं म्हणणं चूक ठरेल. बंदूक दोन्हीकडे सारखीच चालली. फरक पडला तो नंतर. घाटकोपरला वस्तीनं आपल्या मेलेल्यांची नावं दगडावर कोरली, आणि दर ११ जुलैला तिथं लोक उघडपणे जमतात. आनंद पटवर्धनांनी विलास घोगरेंच्या मृत्यूपासून धागा धरून चौदा वर्षं चित्रीकरण केलं आणि ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला. तो वस्त्या-वस्त्यांमधून पडदे लावून दाखवला गेला. आत्या पडद्यासमोर मांडी घालून बसली होती. तुम्ही बाजूला होता. विलास घोगरेंचा आवाज आला तेव्हा मागं कुणीतरी हुंदका दिला आणि तो कुणी दाबला नाही.

आता गाडी परत जामखेडला आणते, आणि इथं तुम्हाला सगळ्यात जड गोष्ट बघायची आहे.

२८ एप्रिल २०१४, खर्डा. जामखेड तालुक्यातलंच गाव. १७९५ च्या लढाईचा आपल्याला अभिमान वाटतो ते गाव. सतरा वर्षांचा एक दलित मुलगा वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला म्हणून त्याला शाळेतून फरफटत नेऊन मारलं. ही काही सरकारची गोळी नव्हती. पण न्यायाच्या वाटेवर काय होतं ते बघायचं असेल, तर नगरच्या सत्र न्यायालयात नोव्हेंबर २०१७ मध्ये येऊन बसा. एकेक साक्षीदार पिंजऱ्यात येतो. मी काही पाहिलं नाही. मला काही आठवत नाही. पोलिसांनी लिहिलं ते माझं म्हणणं नाही. साक्षीदार फितूर होत गेले आणि आरोपी निर्दोष सुटले. भर गावात, दिवसाउजेडी, इतक्या डोळ्यांसमोरून नेलेला मुलगा कुणी मारला याचं उत्तर त्या निकालात नाही. त्याचे वडील कोर्टाच्या आवारात उभे होते.

गुल्जाचे लोक बोलत नाहीत, कारण त्यांच्यावर एक अख्खं राज्ययंत्र बसलं आहे. खर्ड्याच्या साक्षीदारांवर कोण बसलं होतं? शेजारी. भावकी. ज्याच्या रानात उद्या कामाला जायचं आहे तो, ज्याच्या टेम्पोतून बाजारला जायचं आहे तो. म्हणजे आपणच. चीनच्या सरकारला चार शब्द सुनावणं जामखेडमध्ये बसून सोपं आहे, आणि ते सुनावायलाही हवेत. पण जिथं बोलायला कायद्यानं मोकळीक आहे तिथं आपण शेजाऱ्याचं तोंड बंद केलं, तर ते पाप सरकारच्या माथी मारता येत नाही.

घाटकोपरच्या वस्तीत साक्षीदार टिकले, कारण वस्ती त्यांच्या मागं होती. बाया घोळक्यानं कोर्टात जायच्या आणि एकीच्या पोरांना दुसरी सांभाळायची. खर्ड्यात साक्षीदार एकटा एसटीत बसून नगरला जात होता.

अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून पीडितांसाठी आणि साक्षीदारांसाठी वेगळं प्रकरण आहे. संरक्षण मागता येतं, तपासाच्या आणि खटल्याच्या काळातला प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मागता येतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या डिसेंबरात साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तालुक्यातल्या किती घरांना हे माहीत आहे? तुम्ही शिक्षक असाल तर वर्गात सांगा. ग्रामपंचायतीत असाल तर फळ्यावर लिहा. वकील असाल तर पहिल्याच भेटीत अर्ज भरून घ्या. आणि तुमच्या गावातलं कुणी साक्षीला उभं राहिलं असेल, मग ते तुमच्या जातीचं असो वा नसो, तर तारखेच्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्यांच्याबरोबर नगरला जा आणि साक्ष संपेपर्यंत कोर्टात बसून राहा.